महिना आधी, बेट नंतर : जोडप्याच्या पहिल्या समुद्रसहलीसाठी बेट निवडताना

तासगावकडचा द्राक्षबागायतदार आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिका यांना एकत्र सुटी मिळेल असे दिवस वर्षात फार थोडे असतात. माझी भाची आणि भाचेजावई हे असेच जोडपे आहे. लग्नाला सहा वर्षे झाली, तरी दोघांनी मिळून समुद्र पाहिला तो फक्त गणपतीपुळ्याला, तोही देवदर्शनाच्या गर्दीत आणि घोट्यापर्यंतच्या पाण्यात. गेल्या संक्रांतीला ती दोघे साताऱ्याला आमच्याकडे आली, तेव्हा भाचीच्या मोबाइलवर निळ्याशार पाण्याची वीस-पंचवीस छायाचित्रे होती आणि “मावशी, यातले कुठले बेट चांगले?” असा तिचा सरळ प्रश्न होता. मी विचारले, “जाणार कधी?” त्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिले. ते त्यांनी अजून ठरवलेच नव्हते.

बहुतेक जोडपी याच क्रमाने विचार करतात आणि तिथेच चूक होते. उष्ण कटिबंधातील प्रत्येक बेटाचे काही महिने चांगले आणि काही वाईट असतात. जे पाणी जानेवारीत तळ दिसण्याइतके नितळ असते, तेच ऑगस्टमध्ये खवळलेले आणि गढूळ होऊ शकते, आणि छायाचित्रावर महिना लिहिलेला नसतो. हे मी स्वतः भोगले आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त माझे यजमान आणि मी ऑगस्टच्या अखेरीस फुकेटला गेलो होतो. सहल आखून देणाऱ्याने “थोडासा पाऊस असतो” एवढेच सांगितले होते. पाचपैकी चार दिवस किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले होते, शेजारच्या बेटांकडे जाणाऱ्या बोटी रद्द झाल्या होत्या, आणि ज्या पाण्यासाठी आम्ही वर्षभर पैसे साठवले, ते खोलीच्या गॅलरीतून पाहून परत आलो. बेटाचा त्यात काही दोष नव्हता, आम्ही चुकीच्या महिन्यात गेलो होतो. तेव्हापासून मला कोणी बेटाबद्दल विचारले की मी आधी महिना विचारते.

सुटीचे दिवस कागदावर मांडा

आपल्या भागातील माणसाची सुटी त्याच्या कामाच्या हंगामाला बांधलेली असते. द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून मार्च-एप्रिलमधल्या तोडणीपर्यंत आणि बेदाणा शेडवरून निघेपर्यंत बाग सोडता येत नाही. त्यानंतर लगेच एप्रिलची खरड छाटणी येते आणि पुढचे काही आठवडे विरळणीचे असतात. उसाशी किंवा साखर कारखान्याशी ज्यांचा संबंध आहे, त्यांचे दिवाळीपासून मार्चपर्यंतचे दिवस गळिताचे असतात. शिक्षकांना दिवाळी आणि मे महिना मिळतो. नव्या लग्नाच्या जोडप्याचे सगळे मुहूर्तावर अवलंबून असते. म्हणून दोघांनी शेजारी बसून एका कागदावर, दोघेही खरोखर मोकळे असतील असे आठ-दहा दिवस आधी लिहून काढावेत. घरातील वडीलधाऱ्यांची औषधपाण्याची व्यवस्था आणि गोठ्यातील जनावरांची सोय कोण पाहणार, हेही त्याच कागदावर यावे, कारण ऐन वेळी सहल मोडते ती बहुधा याच कारणाने.

भाची आणि भाचेजावई यांच्या कागदावर शेवटी एकच खिडकी उरली : मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला. तिची शाळा जूनच्या मध्याला उघडणार होती आणि तोवर बागेतील घाईची कामे उरकणार होती. एवढे ठरल्याबरोबर मोबाइलमधल्या अर्ध्याहून अधिक बेटांवर आपोआप काट मारता आली.

कोणत्या महिन्यात कोणते बेट

हा भाग सातारा जिल्ह्यातील माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो, कारण नैऋत्येकडून येणारे पावसाळी वारे डोंगराच्या पश्चिम अंगावर रिते होतात आणि पूर्वेकडचा मुलूख पर्जन्यछायेत राहतो. बेटांचे गणितही बऱ्याच अंशी असेच चालते. मेपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडे तोंड करून असलेल्या किनाऱ्यांना झोडपतो, आणि डोंगराच्या किंवा मोठ्या भूभागाच्या आड असलेला पूर्व किनारा त्याच काळात कोरडा आणि शांत असतो. ऑक्टोबरनंतर वारा ईशान्येकडून वाहू लागला की हीच बाजू उलटते. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की नकाशा पाहूनच निम्मी निवड करता येते.

श्रीलंका हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. बेंटोटा, उनावटुना, मिरिस्सा हे नैऋत्य किनाऱ्यावरील गाव डिसेंबर ते मार्च या काळात चांगले असतात, तर त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा हा पूर्व किनारा मे ते सप्टेंबर या काळात. देश एकच असूनही किनारा चुकला तर सहल चुकते. थायलंडमध्येही तसेच आहे : फुकेट, क्राबी, कोह लांता आणि कोह फी फी ही अंदमान समुद्राच्या बाजूची ठिकाणे नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये पाहावीत, आखाताच्या बाजूचे कोह सामुई आणि त्याच्या शेजारची कोह फांगान व कोह ताओ ही बेटे मात्र साधारण जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत चालतात आणि तिथला मुसळधार पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. आम्ही त्या ऑगस्टमध्ये फुकेटऐवजी सामुईला गेलो असतो, तर त्याच देशात आणि जवळपास त्याच खर्चात आम्हाला पोहता आले असते.

डिसेंबर ते मार्च या काळात ज्यांना सुटी आहे, त्यांच्यासमोर सर्वांत जास्त पर्याय असतात : अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंकेचा दक्षिण किनारा, फुकेट-क्राबी. नाताळ ते नववर्ष हे दहा दिवस मात्र टाळावेत, कारण त्या दिवसांत दर चढलेले असतात आणि किनाऱ्यावर निवांतपणा मिळत नाही. याच महिन्यांत बाली आणि मॉरिशस मात्र टाळावेत. ही दोन्ही बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत बालीचा पावसाळा भरात असतो, आणि मॉरिशसला जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ असतो.

मे महिन्याच्या सुटीत जाणाऱ्यांनी तारखेकडे फार बारकाईने पाहावे. नैऋत्य मोसमी पाऊस आपल्याकडे जूनमध्ये येत असला, तरी अंदमानात तो मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच पोहोचतो, आणि एखाद्या वर्षी त्याच्याही आधी. म्हणून अंदमानला मेच्या पहिल्या आठवड्यात जावे, शेवटच्या आठवड्यात जाऊ नये. लक्षद्वीपची हद्दही मेच्या मध्याला संपते असेच समजावे. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत बाली, सामुई आणि श्रीलंकेचा पूर्व किनारा हे खरे पर्याय असतात. मॉरिशसचा तो हिवाळा असतो. हवा कोरडी आणि सुखद असते, पण पाणी गार लागते आणि आग्नेयेकडून वारा वाहतो, त्यामुळे त्या दिवसांत तिथे पूर्व किनाऱ्याऐवजी उत्तरेकडे ग्राँ बे किंवा पश्चिमेकडे फ्लिक-आँ-फ्लाक या बाजूला राहावे.

दिवाळीची सुटी सर्वांत अवघड असते, कारण वारा बदलण्याचा तो काळ आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे तयार होतात, त्यामुळे अंदमानच्या बोटी अचानक बंद पडू शकतात. दिवाळी नोव्हेंबरमध्ये येत असेल तर माझी पहिली पसंती मॉरिशसला राहील. तिथे तेव्हा ऊब वाढलेली असते आणि वादळांना अजून अवकाश असतो. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही राहतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते, हे कळल्यावर घरातील ज्येष्ठांना ते बेट तितके परके वाटत नाही.

दोघांच्या दोन याद्या

महिना ठरला आणि तीन-चार बेटे उरली की मगच आवडीनिवडीचा विचार करावा, आणि तो दोघांनी वेगवेगळा करावा. एकमेकांच्या समोर बोलताना माणूस समोरच्याच्या मनासारखे बोलतो, विशेषतः नवे लग्न असेल तर. म्हणून प्रत्येकाने स्वतंत्र कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : मला काय करायचे आहे, मला कशाची भीती वाटते, आणि काय मला मुळीच चालणार नाही. मी भाची आणि भाचेजावई यांना आमच्या माजघरात आणि ओसरीवर वेगवेगळे बसवून हे लिहून घेतले. तिने लिहिले होते की तिला पाण्याखालचे रंगीत मासे आपल्या डोळ्यांनी पाहायचे आहेत. त्याने लिहिले होते की लहानपणी विहिरीत बुडता बुडता वाचल्यापासून त्याला छातीच्या वर पाणी सहन होत नाही. सहा वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. तिने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, “मग तुमच्या कमरेपर्यंतच जिथे पाणी असेल, तिथेच जाऊ.”

भीतीच्या या रकान्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. कृष्णेच्या डोहात किंवा विहिरीत उत्तम पोहणाऱ्यालासुद्धा समुद्राचे पाणी वेगळे असते हे ध्यानात ठेवावे लागते. नदीची ओढ एका दिशेने आणि डोळ्यांना दिसेल अशी असते. समुद्रात मात्र लाटांनी किनाऱ्याकडे आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत खोल पाण्याकडे जाते, आणि तो पट्टा अनेकदा आजूबाजूपेक्षा शांत दिसतो, त्यामुळे अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, त्यात दम संपतो; किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यावे आणि मग वळावे. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात वर करून मदत मागावी. ही माहिती दोघांनाही तोंडपाठ असावी. आणि जिथे जीवरक्षक नाही, तिथे गुडघ्यापेक्षा खोल जाऊ नये; लाल बावटा लावलेला असेल, तर पाण्यात उतरूच नये.

पाण्याची जात ओळखा

छायाचित्रात सगळेच किनारे निळे दिसतात, म्हणून पाण्याचे दोन प्रकार ओळखायला शिकावे. पहिला प्रकार प्रवाळभिंतीच्या आतल्या पाण्याचा, ज्याला लगून म्हणतात. बाहेरची लाट भिंतीवर फुटते आणि आत उथळ, संथ पाणी राहते. लक्षद्वीप, मालदीव आणि मॉरिशसचा बराचसा किनारा या प्रकारात मोडतो, आणि पोहता न येणाऱ्यांना तो सर्वांत सोयीचा असतो. दुसरा प्रकार मोकळ्या समुद्राला तोंड दिलेल्या किनाऱ्याचा, जिथे लाटा थेट वाळूवर आपटतात. बालीतील कुटा आणि उलुवाटू या बाजूंना लाटांवर फळी घेऊन खेळणारे जगभरातून येतात, यावरूनच ते पाणी कोणासाठी आहे हे समजावे. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याने बालीत सानूर किंवा नुसा दुआ या शांत बाजूला राहावे.

भरती-ओहोटीचाही विचार हवा. तासाच्या हिशेबाने पाणी मागे जाते आणि दुपारी पोहायचे ठरवून गेलेल्या माणसाच्या समोर फक्त खडक आणि चिखल उरतो, असे क्राबीच्या काही किनाऱ्यांवर आणि अंदमानच्या पूर्वेकडील किनाऱ्यांवर होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा फरक सर्वांत मोठा असतो आणि अष्टमीच्या आसपास येणाऱ्या भांगाच्या भरतीत तो कमी असतो, त्यामुळे घरातल्या भिंतीवरचे तिथीचे कॅलेंडर इथे फार उपयोगी पडते. श्रीलंका आणि मॉरिशसच्या किनाऱ्यांवर मात्र भरती-ओहोटीतील फरक एक मीटरपेक्षाही कमी असतो, आणि दिवसाच्या कोणत्याही वेळी पाण्यात उतरता येते.

अंदमानबद्दल थोडे अधिक

पहिल्या सहलीसाठी आपल्याकडील बहुतेकांच्या मनात अंदमान असते आणि हिवाळ्यातील सुटीसाठी ती निवड योग्यच आहे. पासपोर्ट लागत नाही, रुपयेच चालतात, हिंदी सर्वत्र समजते आणि शाकाहारी जेवण मिळते. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले आणि हॅवलॉक व नील ही बेटे २०१८ पासून स्वराज द्वीप व शहीद द्वीप या नावांनी ओळखली जातात. आरक्षण करताना दोन्ही नावे दिसतील, तेव्हा गोंधळू नये. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलमध्ये सावरकर बंधूंनी शिक्षा भोगली, आणि त्यांपैकी बाबाराव सावरकरांचे १९४५ मध्ये निधन झाले ते सांगलीत. सांगलीकर जोडप्याने त्या कोठड्यांसमोर शांतपणे उभे राहण्यासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

तिथे एक गोष्ट अनेकांचे वेळापत्रक बिघडवते. अंदमान आपल्यापासून पूर्वेला इतके दूर आहे की तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो, पण घड्याळ मात्र तेच भारतीय वेळेचे. डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारासच सूर्यास्त होतो. सातारकरांच्या सवयीप्रमाणे दुपारची वामकुक्षी घेऊन पाच वाजता राधानगर किनाऱ्यावर पोहोचल्यास सूर्यास्त हुकतो. तिथे पहाटे पाचला उठावे आणि पाण्यातली सगळी कामे दुपारच्या आत उरकावीत. अंदमानच्या खाड्यांमध्ये आणि काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरी असतात, त्यामुळे सूचनाफलक असलेल्या ठिकाणी आणि अंधार पडू लागल्यावर पाण्यात जाऊ नये. शंख-प्रवाळ वेचून पिशवीत टाकू नयेत. ते कायद्याने गुन्हा ठरते आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

लक्षद्वीपचे पाणी मला अंदमानपेक्षाही सुंदर वाटते, परंतु तिथे जाण्यासाठी प्रवेश परवाना आधी काढावा लागतो, आगत्तीच्या छोट्या धावपट्टीवर लहान विमानेच उतरतात आणि कोचीहून जहाजाने जायचे तर साधारण चौदा ते वीस तास लागतात. ज्यांना तारखा पुढे-मागे करता येतील, त्यांनीच हा बेत करावा.

अंतर, पैसे आणि ताट

बेटाचे अंतर विमानतळापासून न मोजता आपल्या उंबऱ्यापासून मोजावे. सांगलीहून पुण्याला मोटारीने चार-साडेचार तास, मुंबईला त्याहून बरेच अधिक. विमानतळावर तीन तास आधी हजेरी. मध्ये एक विमान बदलणे. आणि शेवटी बोट. पाच दिवसांच्या सहलीत जाण्या-येण्याचे दोन दिवस असेच गेले, तर उरलेल्या तीन दिवसांत दोन बेटे करण्याचा अट्टहास करू नये. पहिल्या सहलीत एकच किनारा, एकच खोली आणि रोज तेच पाणी, हे माझे ठाम मत आहे. तिसऱ्या दिवशी पाण्याची भीती जाते आणि खरी मजा तेव्हा सुरू होते. नेमक्या त्याच दिवशी सामान बांधून दुसऱ्या बेटावर निघणे म्हणजे पेरून उगवायच्या आत रान सोडण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या विमानतळावरूनही मोठ्या शहरांकडे विमाने सुटतात, तेही एकदा पाहून घ्यावे.

मालदीवच्या बाबतीत हा हिशेब अधिक काळजीने करावा, कारण जाहिरातीतील दर बहुधा खोलीचाच असतो. माले विमानतळावरून रिसॉर्टच्या बेटापर्यंत स्पीडबोट किंवा समुद्रविमान यांचे भाडे माणशी वेगळे पडते, कर वेगळे असतात, आणि बेटावर दुसरे हॉटेल किंवा दुकान नसल्यामुळे तिथेच आणि त्यांच्याच दराने जेवावे लागते. समुद्रविमाने फक्त दिवसाउजेडी उडतात, म्हणून संध्याकाळी मालेला उतरणारे तिकीट स्वस्त दिसले, तरी एक रात्र तिथेच काढावी लागते. कमी खर्चात मालदीव पाहायचे असेल तर माफुशी, धिगुरा यांसारख्या वस्तीच्या बेटांवरील अतिथिगृहांत राहावे. तिथे मद्य मिळत नाही आणि पोहण्याचे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच घालता येतात, या दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात.

परदेशी जायचे असल्यास पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. व्हिसाचे आणि आगमनपूर्व ऑनलाइन अर्जांचे नियम वारंवार बदलतात, तेव्हा ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचावेत. परदेशी टूर पॅकेज घेताना टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने ग्राहकाकडून आगाऊ गोळा करायचा आयकर, घेतला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याची नोंद जपून ठेवावी.

शाकाहारी जोडप्यासाठी ताटाचा प्रश्नही निवडीतच धरावा. श्रीलंकेत भात, डाळ आणि नारळ घातलेल्या भाज्या सहज मिळतात, पण नारळाच्या चटणीसारख्या दिसणाऱ्या सांबोलमध्ये वाळवलेल्या माशाचा चुरा असू शकतो. थायलंडमध्ये फिश सॉस आणि बालीत कोळंबीची वाटलेली पेस्ट न दिसता पदार्थात जाते. थायलंडमध्ये ‘जे’ हा शब्द लिहिलेल्या खानावळीत मांस-मासे नसतात, एवढा एक शब्द लक्षात ठेवला तरी पोटाची चिंता मिटते. शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि भाकरीचे तुकडे पहिल्या दोन दिवसांना पुरतात. मात्र खाद्यपदार्थ नेण्याबाबत त्या देशाचे नियम आधी पाहावेत.

आधी कोकणात उतरून पाहा

बेटाचे पैसे भरण्याच्या आधी एक रंगीत तालीम करावी. कराडहून पाटण आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागर गाठता येते. सांगलीकरांना तळकोकणातील तारकर्ली हा दुसरा पर्याय आहे. दोन दिवस खऱ्या समुद्रात घालवले की बऱ्याच गोष्टी उलगडतात : कोणाची त्वचा उन्हाने पोळते, कोणाला बोटीत मळमळते, कोणाला वाळू नकोशी होते. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा अनुभवही घेता येतो, जरी तिथल्या पाण्यात अंदमानइतके दूरचे दिसत नसले तरी. नळीने श्वास घ्यायचे मुखवटे आधी गावच्या जलतरण तलावात लावून पाहावेत, कारण नाक बंद ठेवून फक्त तोंडाने श्वास घेण्याची सवय व्हायला एक दिवस जातो आणि तो दिवस बेटावर वाया घालवू नये. दमा, कानाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डायव्हिंगबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नये, आणि डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्यापूर्वी १८ ते २४ तास जाऊ द्यावेत. म्हणून ते सहलीच्या शेवटच्या दिवशी कधीच ठेवू नये.

भाची आणि भाचेजावई एप्रिलमध्ये छाटणी उरकल्यावर दोन दिवस गुहागरला जाऊन आले. तो पहिल्या संध्याकाळी गुडघ्यापर्यंत आणि दुसऱ्या सकाळी कमरेपर्यंत पाण्यात गेला, तिचा हात धरून. त्यानंतर उरलेल्या नावांतून निवड करणे अवघड राहिले नाही. मेची अखेर, कमरेइतके संथ पाणी, डाळभात आणि मासे पाहण्याची तिची हौस, या चारही गोष्टी श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर जुळत होत्या. पासिकुडाच्या उपसागरात पाणी किनाऱ्यापासून खूप दूरपर्यंत उथळ असते. निलावेलीसमोरच्या पिजन आयलंड या राष्ट्रीय उद्यानात किनाऱ्यालगतच प्रवाळ आणि मासे दिसतात. कोलंबोपासून मोटारीने सहा-सात तास लागतात ही एकच अडचण होती, आणि ती त्यांनी दांबुल्लाला एक रात्र थांबून सोडवली. मुक्काम मात्र एकाच जागी, पासिकुडाला. पिजन आयलंडसाठी एक दिवस पहाटे निघून रात्री परत यायचे ठरले.

पैसे भरण्याआधी तिने हॉटेलला पाच प्रश्न लिहून पाठवले, आणि ते प्रत्येकाने पाठवावेत असे आहेत. खोलीपासून पाण्यापर्यंत चालत किती मिनिटे? त्या तारखांना किनाऱ्यावर जीवरक्षक असतो का? लाइफ जॅकेट हॉटेलचे मिळते की बाहेरून भाड्याने घ्यावे लागते? जवळचे रुग्णालय किती किलोमीटरवर? आणि वादळामुळे येता आले नाही तर तारीख बदलून मिळेल की पैसे बुडतील? उत्तर लेखी मागावे. एका हॉटेलने जीवरक्षकाच्या प्रश्नाला उत्तरच दिले नाही, तेव्हा तिने ते यादीतून वगळले. दुसऱ्याने जीवरक्षकाच्या वेळा, रुग्णालयाचे अंतर आणि तारीख बदलण्याची अट अशी सगळी उत्तरे त्याच दिवशी पाठवली, आणि भाचेजावयाने त्याच रात्री तिथली खोली नक्की केली.